आठ खुर्च्यांचं डॅनिश हॉटेल

आमच्या पुढच्या खोलीत हॉटेल काढायची कल्पना माझी नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. भिंगारमध्ये अजूनही काही लोक ती माझ्या नावावर घालतात आणि वर हसतात. कल्पना माझ्या आईची होती. आई म्हणजे कलाबाई साळवे. शिक्षण सहीपुरतं, आणि हॉटेलात बसून तिनं आयुष्यात काय खाल्लं असेल तर नगरच्या स्टँडवर दोनदा भजी, त्यातही दुसऱ्या वेळी तिला तेल खवट लागलं होतं. अशा बाईनं एकदम डेन्मार्कच्या आधुनिक पाककलेत हात घालावा, यात माझा काय दोष?

सत्त्याण्णव सालची गोष्ट. नगरजवळच्या एका खासगी डेअरीनं दुधाची पावडर करायचं यंत्र डेन्मार्कहून मागवलं. यंत्राबरोबर ते बसवून देणारा एक उंच, उन्हानं लाल झालेला, अतिशय शांत माणूसही आला. त्याचं नाव प्रेबेन. डेअरीतल्या लोकांनी त्याचा दुसऱ्याच दिवशी प्रवीणसाहेब केला. सोबत त्याची बायको इंगर. तिची बाजारात इंगळेबाई झाली, आणि "इंगळे म्हणजे कुठले, अकोल्याकडचे का?" असंही मला एका भाजीवाल्यानं गंभीरपणे विचारलं. डेअरीचा मॅनेजर माझ्या ओळखीचा. लॉजवर राहून साहेबांचं पोट बिघडलंय, तुमच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्याच आहेत, असं म्हणून त्यानं ते जोडपं आमच्या गच्चीखाली आणून ठेवलं.

आईची आणि इंगरबाईची मैत्री एका गैरसमजावर उभी राहिली. डॅनिश भाषेत आभार मानायचा जो शब्द आहे तो तिच्या तोंडून 'ताक' असा ऐकू यायचा. आईनं पहिल्या दिवशी तिला पाण्याचा तांब्या दिला. ती म्हणाली, ताक. आईला वाटलं, बाईला पाणी नको, ताक हवंय. तिनं आत जाऊन ताक आणलं. बाई ते प्याली आणि पुन्हा म्हणाली, ताक. आईनं दुसरा पेला भरला. असे किती पेले झाले ते मला माहीत नाही. मी ऑफिसातून आलो तेव्हा दोघी ओट्यावर बसल्या होत्या, इंगरबाईच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आई म्हणत होती, "बाईला ताक लई आवडतं रं सोपाना. तिकडं मिळत न्हाई वाटतं." मी इंग्रजीत इंगरबाईला आणि मराठीत आईला खुलासा केला. दोघींनी तो ऐकून घेतला आणि मानला नाही. पुढं महिनोन्‌महिने एक आभार मानत राहिली आणि दुसरी ताक देत राहिली.

एका दुपारी इंगरबाईनं आईला एक फोटो दाखवला. छोटीशी खोली, चार टेबलं, खिडकीत फुलं. हे तिचं रेस्टॉरंट. आरहूस नावाच्या गावात तिनं ते बारा-चौदा वर्षं चालवलं होतं. मोठ्या पांढऱ्या ताटलीत थोडंसं, पण फार निगुतीनं केलेलं अन्न. लोक आधी सांगून यायचे, शांतपणे खायचे. मग घरमालकानं इमारत विकली आणि ते बंद झालं. त्यानंतर तिनं परक्या माणसासाठी काही शिजवलं नव्हतं. हे सगळं मी आईला मराठीत सांगितलं. आईनं फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, मग उठून आमच्या पुढच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"एवढंसंच व्हय? हे आपल्या पुढच्या खोलीएवढंच हाय की," ती म्हणाली. "सांग तिला, कर म्हणावं इथं."

मी ते सांगितलं नाही. मी सरकारी कचेरीतला वरिष्ठ लिपिक, आणि असली वाक्यं तोंडातून बाहेर पडली की त्यांचं पुढं काय होतं हे मला चांगलं ठाऊक आहे. पण माझी बायको दीपा शाळेत इंग्रजी शिकवते आणि तिला भाषांतर अर्धवट सोडणं आवडत नाही. तिनं सांगितलं. इंगरबाई आधी हसली, मग उठून ती खोली बघून आली. संध्याकाळी प्रेबेन टेप घेऊन आमच्या पुढच्या खोलीची मापं काढताना दिसला.

आठ खुर्च्या मावतील असं ठरलं. आठच का, तर इंगरबाईच्या मते त्याहून जास्त माणसं झाली की प्रत्येकाकडे लक्ष राहत नाही. शेजारचे गहिनीनाथकाका हे ऐकून खुर्चीतच मागं रेलले. काका मिलिटरीच्या भांडारातून निवृत्त झालेले. मोजून मापून माल देण्यात हयात गेलेली, त्यामुळे कुठल्याही वस्तूची संख्या ऐकली की त्यांना ती चुकीची वाटते.

"आठ खुर्च्यांत हॉटेल न्हाई हुत, सोपानराव, सलून हुतं," ते म्हणाले. "माझं ऐका. शिर्डीच्या रोडला जागा बघा. भाविक लई. 'डॅनिश थाळी, अनलिमिटेड' अशी पाटी लावा. वर साईबाबांचा फोटो. माणूस भुकेला असला की देश इचारीत न्हाई."

मी म्हणालो, काका, या पद्धतीत अन्न कमी आणि ताटली मोठी असते.

"मग नुकसान कुनाचं?" काका म्हणाले.

परवान्याचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात कागदाला न घाबरणारा मीच, असा समज आहे. मी सरकारी नोकर म्हणून धंदा माझ्या नावावर होईना. दीपाची शाळा अनुदानित, तिचंही तेच. परदेशी बाईच्या नावावर तर विषयच नाही. म्हणून मालक कलाबाई. इथवर सरळ गेलं. पण आमचं घर भिंगारच्या अगदी कडेला आहे आणि हद्दीचा जुना दगड आमच्या मधल्या भिंतीत चिणलेला आहे. इतकी वर्षं त्याचा उपयोग आई हळद कुटायला टेकू म्हणून करायची. आता कळलं की स्वयंपाकघर एका कार्यालयाच्या हद्दीत येतं आणि पुढची खोली दुसऱ्याच्या. ती कार्यालयं कुठली ते मी सांगणार नाही. मलाही त्याच जिल्ह्यात पेन्शन घ्यायची आहे.

पहिल्या कार्यालयातले गृहस्थ म्हणाले, "आमच्या हद्दीत फक्त शिजतंय. खाणारे तिकडे. म्हणजे आमच्या हिशेबानं हे घरगुती स्वयंपाकघर आहे. हॉटेल त्यांच्याकडे."

दुसऱ्या कार्यालयातले म्हणाले, "आमच्या हद्दीत फक्त खातायत. शिजवत कुणीच नाही. म्हणजे ही बैठकीची खोली. हॉटेल त्यांच्याकडे."

मी म्हणालो, म्हणजे हॉटेल नाहीच असं धरून परवान्याशिवाय चालवू का? त्यावर मात्र दोन्ही कार्यालयांचं एकमत झालं की तसं केल्यास कारवाई होईल. मी स्वतः लिपिक आहे, हे मी दोन्हीकडे सहज बोलण्यात आणून पाहिलं. पहिल्यानं "अरे वा" म्हटलं आणि दुसऱ्यानं खिडकी लावली. शेवटी दुसऱ्या कार्यालयात एक दयाळू कारकून भेटले. त्यांनी अर्ज घेतला, पण खाद्यप्रकाराच्या रकान्यात 'डॅनिश' बसेना. छापील पर्याय होते ते शाकाहारी, मांसाहारी, मिश्र आणि रसवंती. त्यांनी विचारलं, मुख्य पदार्थ काय? माझ्या तोंडून निघालं, काकडीचं गार सूप. ते म्हणाले, "गार, पातळ, उन्हाळ्यात. मग रसवंती." आणि शिक्का मारला. अशा रीतीनं माझी आई एका उसाच्या रसाच्या दुकानाची मालकीण झाली.

इकडे घरात वेगळेच प्रयोग चालू होते. इंगरबाईला काळ्या रंगाचा जड पाव हवा होता. तो ज्या धान्याचा होतो ते आपल्याकडे मिळेना, म्हणून तिनं बाजरी, गहू आणि गूळ मिसळून पहिला पाव भाजला. भिंगारच्या बेकरीवाल्यानं भट्टी दिली, पण पाव बाहेर काढताना तो दोन पावलं मागं उभा राहिला. मी एक तुकडा चावला आणि माझी मागची दाढ जागच्या जागी हलली. तो पाव पुढं बरेच दिवस काकांच्या फाटकाला वाऱ्यानं आपटू नये म्हणून टेकवलेला होता. चौथ्या खेपेचा पाव मात्र खरोखर चांगला झाला, आणि ती चव मला अजून आठवते.

मग तिला शेपू सापडला. डॅनिश लोकांचा जीव ज्या पाल्यात अडकलेला असतो, जो तिकडे म्हणे माशावर, बटाट्यावर, काकडीवर, सगळ्यावर घालतात, तो आमच्याकडे रंगुबाई भाजीवालीच्या टोपलीत सगळ्यात शेवटी उरतो, कारण पोरं तोंड फिरवतात. इंगरबाईनं टोपलीपुढं बसून सगळा शेपू उचलला. रंगुबाईला वाटलं, बाईची काहीतरी फसगत होतेय. तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "दादा, सांगा त्यांना, ही मेथी न्हाई." मुळा धरणाचे मासे आले, ते मीठ, साखर आणि शेपूत मुरले. डेअरीची जीप दुधासाठी राजूरकडे जायची, ती येताना करवंदं आणायला लागली. तिकडच्या रानफळांच्या जागी करवंदाची आंबट चटणी बसली. माझं पूर्ण घर महिनाभर शेपूच्या वासात होतं, आणि ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्यानं टेबल खिडकीकडे सरकवून घेतलं.

पाटीचं काम छगन पेंटरला दिलं. मी कागदावर स्वच्छ अक्षरात 'कलाबाई डॅनिश उपाहारगृह' असं लिहून दिलं होतं. छगननं कागद हरवला आणि आठवणीवर रंगवलं 'दानिश हॉटेल', खाली एक चंद्रकोर. मी विचारलं, चंद्रकोर कशाला? तो म्हणाला, "नावाला शोभती म्हणून. तिचे जादा घेणार नाही." उद्घाटन दोन दिवसांवर होतं. पाटी तशीच लागली.

आता जेवायला कुणाला बोलवायचं, हा प्रश्न. आणि इथं मला जरा वेगळं बोलायला लागणार.

आम्ही त्या गल्लीत माझ्या लहानपणापासून राहतोय. वडिलांनी बुद्धविहाराच्या कामात आयुष्य घातलं आणि नोकरीतून घर बांधलं. गल्लीत भांडण नाही, तंटा नाही. लग्नाला आहेर येतो, मयताला खांदा येतो. गहिनीनाथकाकांची बायको रतनकाकू आईच्याच वयाची. दोघी रोज ओट्यावर बसतात, आमच्या घरचा चहाही काकू घेतात. पण जेवायला म्हणून त्या घरातलं कुणी आमच्याकडे कधी बसलं नव्हतं. काही ना काही निघायचं. आम्हीही आग्रह सोडून दिला होता, कारण आग्रह केला की समोरच्याला कारण शोधायला लागतं, आणि आईला ते बघवायचं नाही. या गोष्टीवर आमच्या घरात कधी चर्चा होत नसे. ती हद्दीच्या दगडासारखी भिंतीत होती.

त्यामुळे दीपानं यादीत काका-काकूंचं नाव घातलं तेव्हा मी म्हणालो, राहू दे. दीपा म्हणाली, "हॉटेल आहे. हॉटेलात आमंत्रण नसतं, गिऱ्हाईक असतं. मी सांगून येते." ती गेली आणि आली. काकू विचारत होत्या, स्वयंपाक कोण करणार? दीपानं सांगितलं, इंगळेबाई. काकू म्हणाल्या, मग येऊ.

बाकीच्या खुर्च्यांवर माझ्या ऑफिसचे साहेब व त्यांच्या सौभाग्यवती, आणि डेअरीचे चेअरमन व त्यांच्या सौभाग्यवती. उरलेल्या दोन खुर्च्या इंगरबाईनं मुद्दाम मोकळ्या ठेवल्या. तिचं म्हणणं, अनोळखी माणूस आल्याशिवाय रेस्टॉरंट सुरू होत नाही.

मे महिन्यातला शनिवार. संध्याकाळी साडेसात. मी लग्नातला सूट घातला होता, कारण वाढप्याचं काम माझ्याकडे होतं आणि इंगरबाईच्या आरहूसमध्ये वाढपी कोटात असतात. माझं लग्न डिसेंबरात झालं होतं, आणि त्यानंतर माझा घेर वाढला होता. कोटाचं बटण लागत नव्हतं, ते दीपानं बाहेरून टाक्यानं शिवून टाकलं. आता कोट काढायचा तर कात्री लागणार होती. आई नवी नऊवारी नेसून मालकीण म्हणून दारात खुर्ची टाकून बसली. प्रेबेन कोपऱ्यात उभा राहून काकड्या पुसत होता.

खोलीत इंगरबाईनं दिवे मालवून नुसत्या मेणबत्त्या लावल्या होत्या. ताटल्या पांढऱ्याशुभ्र, खिडकीत गुलमोहराची डहाळी. मला स्वतःला ती खोली ओळखू येईना. काका-काकू पहिले आले. काकांनी दारातून आत पाहिलं आणि मागं फिरले. मला वाटलं, गेले. ते पाच मिनिटांत त्यांच्या घरची गॅसबत्ती पेटवून घेऊन आले आणि मधल्या टेबलावर ठेवली. "आधी सांगायचं की लाईट गेलीय म्हनून," ते म्हणाले. बत्तीच्या फसफशीत साहेब आले, चेअरमन आले. इंगरबाईनं बत्तीकडे पाहिलं, काकांच्या प्रसन्न चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मेणबत्त्या एकेक करून विझवल्या.

मोकळ्या दोन खुर्च्यांवरही माणसं आली. औरंगाबादकडे निघालेले दोन ट्रक ड्रायव्हर. पाटी बघून थांबले होते. त्यांनी हात धुतले आणि दोन फुल बिर्याणी सांगितल्या. मी त्यांना हे वेगळं हॉटेल आहे असं समजावत होतो, तोवर इंगरबाईनं खुर्च्या ओढून त्यांना बसवलंही. अनोळखी माणूस आला म्हणून ती इतकी खूश होती की मला पुढं बोलवेना.

पहिली ताटली गेली. काळ्या पावाचा चौकोन, त्यावर मुरलेल्या माशाची एक चकती, कांद्याची एक रिंग, शेपूची एक काडी. साहेबांनी ती संपवली आणि मला म्हणाले, "साळवे, ऑफिसात फाइल एवढ्या चपळाईनं आणत जा." त्यांच्या सौभाग्यवती हसल्या. मी सूटमध्ये होतो, माझ्या हातात आठ ताटल्या होत्या, आणि मी तेरा वर्षं वरिष्ठ लिपिक होतो. मी नुसती मान तुकवली. मग काकडीचं गार सूप. चेअरमननी ते वाटीनं तोंडाला लावून एका घोटात संपवलं आणि म्हणाले, "मठ्ठा बरा आहे." मग बिटाचे तीन प्रकार. काका हळू आवाजात काकूंना म्हणाले, "एकच बीट हाय. तीनदा आनलं."

नेमके तेव्हा दारात आणखी एक साहेब आले. सूर्यभान नाव, दुसऱ्या कार्यालयाचे निरीक्षक. नव्या परवान्याची तपासणी करायची होती. त्यांनी आईला विचारलं, "मालक कोण?"

"मीच," आई म्हणाली.

"चरक कुठाय?"

"कसला चरक?"

"उसाचा. रसवंती आहे ना ही?"

मी ताटल्या घेऊन धावलो. ते माझ्या सूटकडे, गॅसबत्तीकडे, ट्रक ड्रायव्हरांकडे आणि बिटाकडे बघत उभे राहिले. मी हद्दीच्या दगडापासून सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हणजे चरक नाही." आई उठली, तिनं स्वतःची खुर्ची त्यांना दिली आणि म्हणाली, "साहेब, दिवसभर उनाचं फिरून आलाय, आधी बसा." ते बसले. नववी ताटली नव्हती म्हणून इंगरबाईनं त्यांना झाकणावर बीट दिलं.

चौथी ताटली कोंबडीची. गुळात परतलेला एक बटाटा, करवंदाच्या चटणीची एक रेघ, वर शेपू. ती खरंच अप्रतिम होती, आणि थोडी मोठी असती तर तो दिवस तिथंच जिंकला असता. पाचवा पदार्थ लिंबू घातलेल्या गोड ताकाचं आइस्क्रीम. ते फ्रीजमध्ये होतं. पण आता लाईट खरोखरच गेली, बराच वेळ आली नाही, आणि आइस्क्रीमचं पुन्हा ताक झालं. मी ते पेल्यांत ओतून दिलं. सगळे प्यायले. बत्ती फसफसत होती. ड्रायव्हर एकमेकांकडे बघत होते. चेअरमननी मिशी पुसली, पोटावरून हात फिरवला आणि अगदी मनापासून विचारलं, "छान. मग आता जेवायला कधी बसायचं?"

त्यांच्या बोलण्यात काही खोच नव्हती. त्यांना खरंच वाटत होतं की आतापर्यंत झालं ते नुसतं स्वागत.

इंगरबाईला मराठी येत नव्हतं, पण जेवायला हा शब्द आईनं तिला शिकवला होता. ती स्वयंपाकघरात गेली आणि तेलाच्या डब्यावर बसली. प्रेबेन तिच्यापुढं उभा राहिला. मी आत गेलो तेव्हा ती मला म्हणाली, "माझ्या रेस्टॉरंटमधून कधी कुणी उपाशी उठलं नाही." मी म्हणालो, सगळ्यांना फार आवडलं. ती म्हणाली, "आवडलं असेल. पण उपाशी आहेत."

आई मागून आली. तिनं दीपाला विचारलं, "काय म्हनती?"

"लोक उपाशी राहिले म्हणतेय."

"मग बसली कशापायी? तवा काढ."

आईनं पदर खोचला, बाजरीच्या पिठाचा डबा ओढला, आणि सुकटाची चटणी करायला दीपाला बसवलं. इंगरबाई उठली. तिनं उरलेले बटाटे कढईत घातले, शेपूची उरलेली जुडी सगळीच्या सगळी चिरून टाकली. चिरतानाचा तिचा हात आता जेवणावळीतल्या बाईसारखा चालायला लागला. दोघींना भाषा लागत नव्हती. पण दहा-अकरा माणसं आणि एक तवा. भाकरी काही पुऱ्या पडत नव्हत्या.

हात धुवायला म्हणून रतनकाकू मागच्या दारी गेल्या होत्या. येताना त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थांबल्या. मी त्यांना बघितलं. आईनंही बघितलं, आणि भाकरी थापता थापता तिचा हात जरा थांबला. मला वाटतं, आम्ही सगळेच थांबलो होतो. इंगरबाई सोडून. ती बटाटे हलवत होती.

काकू म्हणाल्या, "कलाबाई, एकटीनं व्हायचं न्हाई हे. परात सरकवा इकडं."

आणि त्या आत येऊन खाली बसल्या. आईनं परात सरकवली. एक थापायची, दुसरी भाजायची, आणि मग उलट. पहिल्यांदा दोघींचा मेळ बसेना, आईची भाकरी मोठी आणि काकूंची पातळ, त्यावरून बारीकसा वादही झाला. मग बसला.

पुढच्या खोलीत टेबलं भिंतीला लावली आणि सगळे खाली बसले. गरम भाकरी, सुकटाची चटणी, शेपू-बटाटा, वाटीभर मुरलेले मासे आणि करवंदाचा तो लाल रस. चेअरमननी मासा भाकरीत गुंडाळून खाल्ला आणि पुन्हा मागितला. काका म्हणाले, "हे डॅनिश लई चांगलं हाय." ड्रायव्हरांनी करवंदाच्या रसात भाकरी बुडवून पातेलं स्वच्छ केलं. सूर्यभानसाहेब चौथ्या भाकरीवर आले तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावून सांगितलं की रसवंतीचं आपण 'मिश्र' करून टाकू, सोमवारी या. माझे साहेब मांडी घालून बसले होते आणि त्यांनी स्वतः उठून मला पाणी दिलं, "साळवे, तुम्हीही बसा आता." मी बसू शकत नव्हतो. कोट शिवलेला होता.

सगळ्यांचं झाल्यावर आतल्या बायका बसल्या. चुलीशेजारी, दाटीवाटीनं. आईनं एक भाकरी मोडून निम्मी काकूंच्या ताटात टाकली. काकूंनी ती घेतली, चटणी लावली आणि खाल्ली. मग म्हणाल्या, "मीठ जरा जास्त झालंय." आई म्हणाली, "व्हय, अंधारात पडलं." एवढंच झालं. मी मागच्या दारातून अंगणात गेलो आणि हौदाच्या कडेला उभा राहिलो. दीपा कात्री घेऊन आली. तिनं माझा कोट उसवून दिला.

हॉटेल त्यानंतर ते दोघं परत जाईपर्यंत दर शनिवारी चाललं. आधी पाच छोट्या ताटल्या, मग भाकरी. गावात म्हणायचे, "आधी डॅनिश, मग जेवण." इंगरबाईनं ते मान्य केलं होतं. ती म्हणायची, आरहूसला हे सुचलं असतं तर बरं झालं असतं. काळ्या पावाला गिऱ्हाईक मिळालं, बिर्याणी मागणारेही यायचे आणि बसायचे. परवाना 'मिश्र' झाला. पहिल्या कार्यालयाचं मात्र अजून काहीच आलेलं नाही.

जुलैत ते निघाले. दारात गाडी उभी होती, आई ताकाची बाटली पिशवीत कोंबत होती. मला इंगरबाईला काहीतरी नीट सांगायचं होतं. मी आधी मनात इंग्रजी जुळवून ठेवलं होतं, ते ऐनवेळी गेलं. मी एवढंच म्हणालो, "तुमच्यामुळे रतनकाकू आमच्या घरी जेवल्या."

तिला कळेना. "त्या तर शेजारी राहतात. आधी का नव्हत्या जेवल्या?"

"उपवास असायचा," मी म्हणालो.

"इतकी वर्षं?" प्रेबेननं विचारलं. त्याला इतक्या महिन्यांत प्रश्न विचारताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"आमच्याकडे उपवास फार असतात," मी म्हणालो.

इंगरबाई माझ्याकडे बघत राहिली. तिनं माझा हात दोन्ही हातांत घेतला, बराच वेळ धरून ठेवला, आणि मग जाऊन आईच्या गळ्यात पडली. आई ओशाळली, कारण गल्ली बघत होती. पण तिनंही हात सोडले नाहीत.

गाडी गेल्यावर मी आत आलो आणि पुढची खोली पुन्हा घरासारखी करायला घेतली. टेबलं डेअरीला परत द्यायची होती. आई म्हणाली, "आज ऱ्हाऊ दे. रविवारी मानसं यायचीत."

"कोण?"

"रतनबाईच्या भावाकडली. पाथर्डीहून. त्यांच्या घरात जागा न्हाई म्हनून इथं बसवू म्हनली."

"बसायला, का जेवायला?"

आईनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू तेरा वर्षं वरिष्ठ लिपिक असूनही मला साधी गोष्ट कळत नाही. "जेवायला," ती म्हणाली. "दोघी मिळून करनार हाय आमी. बाजरी निवडून ठिवलीय, तेवढी गिरनीत टाकून ये."

मी डबा खांद्यावर घेतला आणि गिरणीकडे निघालो.